थोरलीची कुरकुर नाही

प्रोग्रॅमिंगची जुनी भाषा आणि नवी भाषा सख्ख्या बहिणी, त्यामुळे शीतगृहाचा प्रोग्रॅम जुनीतून नवीत हलवणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं प्रोग्रॅमर बाईंना वाटलं होतं. पण नवी सकाळपासून एकाच जागी अडून बसली होती. ‘इथे आकडा हवा, हा शब्द आहे.’

“काय कटकट आहे! अगदी माझ्या धाकट्या लेकीवर गेलीय,” खुर्ची मागे ढकलत बाई करवादल्या. “जुनी बरी होती. थोरलीसारखी, द्याल ते निमूट घ्यायची.”

शेजारचा सहकारी पडद्यावर वाकला. “अहो, तापमापक बिघडला की तो आकड्याऐवजी ‘बंद’ असा शब्द पाठवतो. जुनी त्या शब्दाला शून्य समजून पुढे जायची.”

“मग बिघडलं कुठे?”

“शून्य अंश म्हणजे आपल्याकडे सगळं ठीक! आतला माल सडला असता, तरी कुणाला पत्ता लागला नसता.”

बाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. फोनवर धाकटीच्या तक्रारींची रांग लागली होती. तिच्याखाली, लग्न होऊन दूर गेलेल्या थोरलीचा रोजचा मेसेज होता : ‘सगळं ठीक.’

त्यांनी थोरलीला फोन लावला.

“कशी आहेस?”

“ठीक.”

“ठीक म्हणजे काय, ते नीट सांग मला.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“आई,” मग थोरली म्हणाली, “मी घरी येऊ?”