किल्ला न्हाई, समुद्रच

“किल्ला न्हाई बघायचा,” वनिताबाईंनी फोनवर ठणकावलं. “दगडं का आपल्याकडं कमी हायेत?”

पलीकडं त्यांची थोरली, यशोधरा. पर्यटकांच्या एका मोठ्या जहाजावर ती नर्स होती. परवा जहाज ग्रीसच्या एका बेटाला लागणार होतं आणि तिथं कामगारांनाही दिवसभराची सहल मिळणार होती. एक बस किल्ल्याला, बाकीच्या समुद्रकिनाऱ्यांना. संध्याकाळपर्यंत नाव द्यायचं होतं.

“आई, मी रोज समुद्रावरच असते. पुन्हा किनाऱ्यावर जाऊन काय करू?”

“माझ्यासाठी जा. म्या जलमात समुद्र पाह्यला न्हाई. फोनवर तरी दाव.”

शेजारी पेपर वाचत बसलेले यशोधराचे वडील माणिकराव बोलून गेले, “मग चैत्यभूमीला गेलतो तवा दादरला काय पाह्यलं?”

वनिताबाईंनी असे डोळे वटारले की माणिकराव गपकन पेपरात शिरले.

“तवा गर्दीत निस्ती डोकी दिसली,” त्या फोनात म्हणाल्या. “पाणी कुठं दिसलं?”

खोटं. साफ खोटं. पण बाईंचा नाइलाज होता. यशोधरा तिशी ओलांडून गेली होती आणि आलेल्या प्रत्येक स्थळाला नकारघंटा वाजवत होती. लातूरचा इंजिनिअर झाला, परळीचा प्राध्यापक झाला. मागच्या सुट्टीत तर पाहुणे दारात आले आणि ही मागच्या दारानं मैत्रिणीकडं गेली. “मला लग्नच करायचं नाही,” एवढं एकच तिचं पालुपद. वनिताबाईंचा जीव तीळतीळ तुटत होता.

आणि आता नांदूरघाटच्या गीताबाईंचा सत्यम सापडला होता. तोही जहाजावरच, पण दुसऱ्या. तिथं तो पाव-केक भाजायचा. त्याचं जहाज त्याच दिवशी त्याच बेटाला लागत होतं. पोरगी पाहुण्यांसमोर येत नाही ना, मग पाहुणाच पोरीसमोर नेऊन उभा करायचा! बघायचा कार्यक्रम, फक्त पोह्यांशिवाय. दोन्ही आयांनी ठरवून टाकलं होतं. यशोधराला ताकास तूर लागू द्यायची नव्हती.

गीताबाईंची गाठ धाकट्या मंजुषानं घालून दिली होती, एका मैत्रिणीच्या लग्नात. जहाजांच्या तारखा बघणं, फोन लावून देणं, सगळं मंजुषाच करायची. आईला तिचा लई आधार.

“कोणता किनारा सांगू गं?” वनिताबाईंनी फोनवर हात ठेवून विचारलं.

“वाळूचा सांग. उथळ हाय,” मंजुषा पुटपुटली. “सत्यमला पवता येत न्हाई.”

“तुला कसं ठावं?”

“गीतामावशीच म्हणल्या की.”

वनिताबाईंनी हात काढला. “वाळूचा किनारा घे, यशू.”

“माझ्या सगळ्या मैत्रिणी किल्ल्याला चालल्यात, आई.”

“जाऊ दे त्यान्ला. तू समुद्र दावते म्हणल्याबिगर मी घास घेणार न्हाई.”

“आत्ता तर जेवले म्हणालीस!”

“रातच्याचं बोलतीय.”

यशोधरा हसली. मग उसासा टाकून म्हणाली, “बरं बाई, वाळूचा किनारा. झालं समाधान?”

फोन ठेवून वनिताबाई ओसरीवर आल्या, तर शेजारच्या बायनाबाई उभ्याच. बोलणं अर्धमुर्धं ऐकलेलं दिसत होतं. “मंजूचं बी बघा की आता,” त्या म्हणाल्या. “तिचं बी वय झालंय.”

“थोरली बसलीय आन् धाकटीचं काय इचारता?” वनिताबाई कडाडल्या. “यशूनं हो म्हणल्याबिगर या घरात मंजूच्या लग्नाचं नाव काढायचं न्हाई. बहिणीला मागं टाकून बहीण उजवत न्हाई आमी.”

सहलीच्या दिवशी गीताबाई केजला गाडी बदलून दुपारपर्यंत वनिताबाईंकडं तेलगावला पोचल्या. दोघी पलंगावर फोन मधे ठेवून बसल्या. माणिकरावांना ताकीद होती, तोंड उघडायचं नाही.

फोन वाजला. डोक्यावर टोपी घातलेली यशोधरा, मागं पिवळी वाळू आणि निळंशार पाणी. “बघ, आई. पोटभर बघ.”

“लई छान,” वनिताबाई पाण्याकडं न बघताच म्हणाल्या. त्यांची नजर वाळूवरच्या माणसांत फिरत होती. तेवढ्यात एक उंच, सावळं पोरगं चपला हातात घेऊन जवळ आलं.

“अगंबाई! कोण हे पोरगं? आपल्याकडचंच दिसतंय!” वनिताबाई ओरडल्या.

“हा तर आमचा सत्यम!” गीताबाईंनी कपाळाला हात लावला. “काय योगायोग म्हणावा!”

इतकं वाईट नाटक तेलगावच्या जत्रेतसुद्धा कोणी केलं नसेल. माणिकरावांनी पेपर तोंडावर धरला. यशोधरानं त्या पोराकडं पाहिलं, मग फोनकडं पाहिलं, आणि “नंतर लावते” म्हणून फोन बंद केला.

चहा झाला, पुन्हा चहा झाला. वनिताबाई फोन उलटसुलट करून बघत होत्या. चिडली असेल. निघून गेली असेल. आता सुट्टीला पण घरी यायची नाही. गीताबाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

फोन वाजला. यशोधरा आणि सत्यम शेजारीशेजारी वाळूत बसले होते. यशोधराचे डोळे लाल होते, पण ती हसत होती.

“आई, तू लई पोचलेली आहेस.”

“शिव्या मागून दे. आधी सांग, पोरगं कसं हाय?”

“चांगलं आहे. साधं आहे, खरं बोलतं. मला पसंत आहे.”

वनिताबाईंना रडूच फुटलं. गीताबाईंनी त्यांना मिठी मारली. माणिकराव पायात चपला सरकवून पेढे आणायला उठले. “मंजे, साखर आण गं!” वनिताबाईंनी हाक मारली, पण मंजुषा स्वयंपाकघराच्या दाराला धरून तशीच उभी राहिली.

फोनमध्ये सत्यम पुढं सरकला. त्यानं हात जोडले.

“जयभीम, मावशी. ताईंनी आमा दोघान्ला होकार दिलाय. आता जरा मंजूकडं फोन द्या.”