दोनच बसवा

"एक कार्बोरेटर बसवला तर तुमची बीटल निमूट चालेल," माझ्या गाडीच्या मागच्या इंजिनावर ओणवे झालेले शेजारचे प्रभुदेसाई म्हणाले. "दोन बसवले तर उधळेल! पण दोघांचा सूर सारखा जुळवावा लागेल. आपल्यासारख्या एकट्या जिवांना एकच बरा."

"एकटीनं निमूट चालून झालंय माझं. दोनच बसवा."

"मी कार्बोरेटरचं म्हणतोय."

"मी नाही!"

बोलून गेले आणि मलाच हसू फुटलं. त्यांच्या हातातला पाना त्यांच्याच पायावर पडला. तरी ते कळवळायचं सोडून, कानापर्यंत लाल होऊन हसत सुटले.

आजवर त्यांना आडनावानंच हाक मारत आले होते. आज ते आडनाव जिभेवर येईचना.

"अहो," मी म्हटलं, "पाना उचला की!"