नखाला लागला पाहिजे

"कोरंच आहे," बाबा म्हणाले आणि मनगटातलं स्टीलचं कडं काढून त्यांनी मशीनशेजारी ठेवलं.

कडं कोरं नव्हतं. धाकट्यानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, नुकताच त्यावर लेझरनं फोन नंबर उमटवला होता, काळाभोर आणि सुबक. पण बाबांनी त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि नखाला काही लागलं नाही. त्यांनी उभा जन्म कारखान्यात हातोडीनं लोखंडावर आकडे ठोकण्यात घालवलेला. नखाला लागेल ती खूण, बाकी सगळं रंगकाम, असं त्यांचं मत. हल्ली ते घरचा रस्तासुद्धा विसरायचे, पण हे काही विसरले नव्हते. याआधीची दोन कडी त्यांनी अशीच कुठंतरी काढून टाकली होती.

"मी सांगितलं होतं ना, हे त्यांना चालायचं नाही म्हणून," ताई म्हणाली. बाबा तिच्याकडे राहत.

धाकट्याचं दुकान झकास चालायचं. बेअरिंगवरचे आकडे, डॉक्टरांच्या कात्र्यांवरचे आकडे, पंपांच्या पाट्या, गुरांच्या कानातले बिल्ले, सगळं त्याच्याकडे यायचं. खूण नसलेली वस्तू हरवली की बेवारशी होते, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. आणि मागच्या आठवड्यात बाबा हरवले, तेव्हा त्यांच्या अंगावर एक अक्षर नव्हतं. ताई एकटीच दिवसभर वणवण फिरली. संध्याकाळी ते बसच्या डेपोत सापडले.

धाकटा आत गेला आणि बाबांच्या पंचांची, म्हणजे आकडे ठोकायच्या लोखंडी ठशांची, पेटी घेऊन आला. पंचांवरचे आकडे मराठी होते, ते एक बरं होतं. बाबांना आता इंग्रजी आकडे ओळखू येत नव्हते, आणि कुणी विचारलं तर त्यांना स्वतःला नंबर वाचून सांगता आला पाहिजे. पेटी बाबांनी ओळखली नाही. धाकट्याला वाईट वाटलं आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं, कारण त्यानं ते पंच पार गंजू दिले होते.

पितळेची पट्टी ऐरणीवर घेत तो म्हणाला, "माझा नंबर घालतो."

"तुझा कशाला? माझा घाल. राहतात माझ्याकडे."

"म्हणूनच. सगळं तूच का करायचं, ताई? कुणाचा फोन आला तर मी जाऊन घेऊन येईन."

"तू उचलतोस फोन?"

त्यानं हातोडी खाली ठेवली.

"त्या दिवशी मी सारखी तुला फोन लावत होते," ताई शांतपणे म्हणाली. "शेवटी डेपोतला वॉचमन मला म्हणाला, बाई, दुसरं कुणी नाही का तुम्हाला?"

"मशीन चालू होतं गं. ऐकू येत नाही."

ते खरं होतं. पण मशीन बंद झाल्यावर त्यानं ताईचं नाव पाहिलं होतं, काहीतरी औषधबिषधाचं असेल, मग बघू, असं म्हणून फोन पालथा घातला होता. आत्ता ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

"यापुढं उचलीन," तो म्हणाला. "एकदा तरी माझ्यावर सोड."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. "बरं, घाल."

त्यानं ठोकायला घेतलं. पहिला आकडा वाकडा बसला, मग हात बसत गेला. नंबराच्या शेवटी छत्तीस होते. नंबर नवा होता तेव्हा ताईनं चिडवलं होतं, भावाशी बोलायचं तर आधी छत्तीसचा आकडा लावायचा का रे? पंचाच्या तोंडावर आकडा आरशातल्यासारखा उलटा कोरलेला असतो. उलटा तीन सहासारखा दिसतो आणि उलटा सहा तीनसारखा. जुन्या कारखान्यातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणून होतं. पण धाकट्याची इतकी वर्षं लेझरवर गेली होती आणि शेवटाला येईस्तोवर त्याचे डोळे भरून आले होते. डोळ्यांना जो दिसला तो पंच त्यानं उचलला, आणि मग दुसरा.

पट्टी वाकवून त्यानं बाबांच्या मनगटात घातली. बाबांनी नख फिरवलं. नख अडलं, घसरलं, पुन्हा अडलं. त्यांचा चेहरा खुलला.

"हं, ह्याला म्हणतात खूण. कुणी मारली?"

"मी, बाबा."

"हात चांगला आहे. कुणाचा रे तू?"

धाकटा पेटीतले पंच आवरायला लागला. ताईच मध्ये पडली. "बाबा, तुम्ही वाचा बघू. मी लावून बघते."

बाबा एकेक आकडा चाचपत, शाळेत पाढे म्हणावेत तसे वाचत गेले. "सहा. तीन. संपलं."

ताईनं ऐकले तसे आकडे दाबून फोन कानाला लावला. टेबलावरचा धाकट्याचा फोन गप्पच होता.

"बघ, आत्तासुद्धा आवाज बंद करून ठेवलायस," ती म्हणाली. तो फोन उचलून बघायला लागला, तेवढ्यात ताईच्या कानाशी एका बाईंचा आवाज आला. कोण बोलतंय, म्हणून त्या विचारत होत्या.

ताई गडबडली. "माफ करा हं, चुकून लागला. वडलांच्या कड्यावर नंबर घातलाय, तो लावून बघत होते. रस्ता विसरतात ते, म्हणून."

"अगं बाई. मग सापडलेत का? कुठं आहेत आत्ता? मी येऊ का?"

"नाही नाही, इथंच आहेत. माझ्यासमोर."

"मग बरं," बाई म्हणाल्या.

तोवर धाकट्यानं बाबांचं मनगट धरून पट्टी वाचली होती. "ताई, तीन-सहाची अदलाबदल झाली गं. घासून पुन्हा मारतो. बाबा, काढा ते."

बाबांनी कडं दुसऱ्या हातानं झाकून घेतलं.

"द्या ना बाबा. चुकलाय तो."

"राहू दे," ताई म्हणाली. "ह्या बाई फोन उचलतात."