नेटची उंची

तिसरी सर्व्हिसही नेटला लागून तिथेच पडली.

"नेट कुणीतरी वर चढवलंय," पलीकडे उभ्या बायकोला तो दमून म्हणाला.

हवाई दलाच्या टेनिसची ढाल गेली चार वर्षं या वैमानिकाच्याच घरी होती. मार्चमध्ये जळत्या विमानातून तो सीटसकट बाहेर फेकला गेला, पाठीचे मणके दबले, आणि त्यानंतर आज पहिल्यांदाच कोर्टवर उतरला होता. पाठ ठीक आहे, सोमवारपासून विमान उडवा, असं डॉक्टर म्हणाले होते.

नेटच्या मधोमध त्याने रॅकेट उभी धरली. तिने आपली रॅकेट त्याच्या रॅकेटवर आडवी ठेवली. नेट मोजायची ही खेळाडूंची नेहमीची रीत. उंची तंतोतंत बरोबर भरली.

रॅकेटी तशाच धरून दोघं समोरासमोर उभी राहिली. लग्न झाल्यापासून त्याच्या डोळ्यांत बघायला ती मान वर करायची. आज तेवढी करावी लागली नाही.

"थोडं उंचच आहे," ती म्हणाली आणि नेट खाली ओढणारा पट्टा आवळायला वाकली.

"राहू दे गं." तो कोर्टवरच बसला. "आकाशात असं कुणी सांभाळून घेत नाही."