मन्मथच्या नावचं रक्त

कंत्राट पुढं चालू ठेवायचं तर रक्ततपासणीत पास व्हावं लागणार होतं. परळीच्या वीजकेंद्रात राखेचे ट्रक भरणाऱ्या मन्मथला शुगर होती, म्हणून त्यानं धाकट्या भावाला, सोमेश्वरला, आपल्या नावानं रांगेत उभं केलं. सोमेश्वर दुसऱ्या कंत्राटदाराकडं मागच्याच महिन्यात पास झाला होता. तोंडाला रुमाल, अंगावर राख. कुणी ओळखलं नाही.

रिपोर्ट येईपर्यंत सोमेश्वरच घरभर येरझाऱ्या घालत राहिला.

"रक्त माझ्या नावानं दिलंय, तू कावून घाबरतूस?" मन्मथ हसला.

तेवढ्यात मुकादमाचा फोन आला. "मन्मथ, उद्यापासून येऊ नको. तुला शुगर लई हाय."

मन्मथनं भावाकडं पाहिलं. "तू तर पास झालतास ना बे?"

"तवा मी मेव्हण्याला पाठवलतं, दादा. माझं रक्त आत्ताच पहिल्यांदा तपासलं."