इंजिनातला दुसरा ठोका

मेकॅनिक याकूब पिंजारींनी फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ केले, तरी वत्सला गावितांची जुनी एसयूव्ही मिसिंग मारतच होती. वत्सलाताई परिचारिका होत्या. अठरा वर्षं त्यांनी याच गाडीतून डोंगरातल्या पाड्यांवरच्या बाया बाळंतपणाला दवाखान्यात आणल्या होत्या. हल्ली मात्र तिला डिझेल दुप्पट लागायचं.

“ताई, हिचं इंजिन जिवंत धातूचं, आणि असं इंजिन एवढंच जगतं,” याकूबभाई हळहळत म्हणाले. “आजच इंजेक्शन देऊन कायमचं निजवू या तिला.”

“थांबा. आधी मला ऐकू द्या.”

वत्सलाताईंनी स्टेथोस्कोप चालू इंजिनवर टेकवला आणि डोळे मिटले. मग त्यांनी नळ्या याकूबभाईंच्या हातात दिल्या.

याकूबभाईंना इंजिनाचा जड, ओळखीचा ठोका ऐकू आला. त्याच्या आड आणखी एक ठोका होता, बारीक आणि भरभर धावणारा. तो जोर धरायचा तेव्हा मोठा ठोका क्षणभर थांबून त्याला वाट द्यायचा.

“अहो, पण धातूला कुठं पिल्लं होतात?” याकूबभाईंनी नळ्या कानातून काढल्या. “जगात असं कधी झालेलं नाही!”

“दोन जिवांची आहे ती, भाई. म्हणून तर एवढं खाते.”

याकूबभाईंनी आजवर हजारो इंजिनं खोलली होती. आज त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, हात पुसले आणि इंजिनच्या कुशीवर तळवा ठेवला.

आतून इवलीशी ढुशी आली.