खांद्यातून

वीस वर्षं ती हुबेहूब चेहरे रंगवत आली होती, त्यामुळे अमूर्त चित्रं शिकायला गेल्यावर तिचा हात काही केल्या सैल सुटेना. रंगाचा नुसता पट्टा ओढला तरी त्यात तिला नाक दिसायचं आणि ती ते नीट करत बसायची. तिच्या या नव्या चित्रांचं प्रदर्शन चार दिवसांवर आलं, पाच चित्रं कशीबशी झाली, पण दालनातल्या समोरच्या मोठ्या भिंतीसाठीचा कॅनव्हास तिने तिसऱ्यांदा खरवडला. दारातून बघणारे बाबा तेवढ्यात आत आले. त्यांनी चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली होती; तिच्या चित्रांत मात्र कधी तोंड घातलं नव्हतं. "बोटांनी काय कोरत बसलीस? खांद्यातून ओढ," म्हणत त्यांनी पुट्टी लावायची रुंद पत्र्याची पट्टी निळ्या रंगात बुडवून तिच्या हातात दिली आणि तिच्या हातावर हात ठेवून एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. मग पिवळा. मग दोघंही हसत सुटली. संध्याकाळपर्यंत कॅनव्हास भरला, आणि आईने दोघांनाही दाराबाहेर उभं करून हातपाय घासायला लावले. उद्घाटनाच्या दिवशी त्या चित्राखालच्या चिठ्ठीवर तिने आधी बाबांचं नाव लिहिलं, मग स्वतःचं. बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. आजवर इतक्या भिंतींवरून त्यांनी हात फिरवला होता, पण त्यांचं नाव कुठेच लागलं नव्हतं. मग दिवसभर ते तिथून हलले नाहीत आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "हात लावून बघा खुशाल, रंग पक्का सुकलाय."